मुलाकडे जर्मनीला जायचं, मग अर्ज फ्रान्सकडे कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक, वय ६४. सांगली जिल्ह्यात राहतो. पेन्शन, तीन एकर ऊस आणि गावात स्वतःचं घर आहे. थोरला मुलगा शेती बघतो. धाकटा स्टुटगार्टला नोकरीला आहे आणि सुनेचे मे महिन्यात दिवस भरतात. आम्हा दोघांचा २० एप्रिलला जाऊन ५ जुलैला परत येण्याचा विचार आहे. मध्ये चार दिवस स्वित्झर्लंड, तीन दिवस पॅरिस, आणि जमलं तर पाच दिवस लंडनला भाचीकडे. एजंट म्हणतो, जर्मनीची तारीख मिळत नाही, फ्रान्सकडून अर्ज करू. हॉटेलांची बुकिंग तो दाखवणार, आम्ही फक्त खात्यावर पाच लाख आणून ठेवायचे. पत्नीच्या पासपोर्टची मुदत येत्या ऑगस्टमध्ये संपते. तिचं नाव आधारवर एक आणि पासपोर्टवर एक आहे, शिवाय त्यावर ईसीआर छापलंय. एजंटचं ऐकावं का? आणि सुरुवात कुठून करावी?

गुरुजी, नमस्कार.

सुरुवात वहिनींच्या पासपोर्टपासून करा, एजंटचं नंतर बघू. ऑगस्ट म्हणजे परतल्यावरही महिनाभर शिल्लक आहे असं वाटतं, पण शेंगेनचा, म्हणजे जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड धरून एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, हिशेब वेगळा आहे. शेंगेन प्रदेशातून ज्या दिवशी बाहेर पडणार, त्यानंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो. तुम्ही ५ जुलैला निघणार, म्हणजे ५ ऑक्टोबरपर्यंत तरी मुदत हवी. ऑगस्टमध्ये संपणाऱ्या पासपोर्टवर केलेला अर्ज विचारात घेतला जाण्याआधीच अडतो. तुमचा स्वतःचा पासपोर्टही याच वेळी काढून बघा: मुदत, आणि किमान दोन पानं पूर्ण कोरी आहेत का. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नवीन पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. ३६ पानांच्या पुस्तिकेला १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. तुमच्या हातात वेळ आहे, तत्काळची गरज नाही.

नवीन पासपोर्ट काढायचाच आहे, तर नावाचा घोळही त्याच फेरीत मिटवा. आपल्याकडे ही अडचण घरोघरी असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर नावापुढे ‘बाई’, बँकेत नवऱ्याचं नाव मधे, लग्नाचा दाखला काढलेलाच नाही. तिकडे कागद तपासणाऱ्याला ‘बाई’ म्हणजे काय ते ठाऊक नसतं, त्याला ती दोन वेगळी माणसं दिसतात. म्हणून पासपोर्टवर जे नाव ठेवायचं ते आधी ठरवा, आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि मगच पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख घ्या. उलट क्रमाने केलंत तर पासपोर्टच्या खिडकीवरून परत यावं लागेल. हे नाव ठरवताना धाकट्याच्या पासपोर्टचं शेवटचं पानही बघा. तिथे आईचं नाव छापलेलं असतं आणि ‘ही याची आई’ हे दाखवायला तेच पान उपयोगी पडतं. त्याच्या पासपोर्टवर आईचं जे स्पेलिंग आहे तेच वहिनींच्या पासपोर्टवर आलं, तर निम्मं काम झालं. नाहीच जुळलं, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जोडा. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर ती आजही ग्रामपंचायतीत होते, साक्षीदार घेऊन ग्रामसेवकाकडे जा.

ईसीआरची धास्ती सोडा. तो शिक्का नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे. आखाती देशांसह १८ देशांत कामाला जायचं असेल तर परवानगी घ्या, एवढाच त्याचा अर्थ. जर्मनी त्या यादीत नाही आणि वहिनी नोकरीला चाललेल्या नाहीत. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्यांना ही तपासणी लागूच नाही. नवीन पासपोर्टच्या अर्जात वयाच्या आधारावर तसं नोंदवा, म्हणजे ते छापलं जाणार नाही.

आता एजंट. फ्रान्सकडून अर्ज करण्याचा सल्ला चुकीचा आहे, आणि तुमच्या बाबतीत तर धोक्याचाही आहे. नियम असा: ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तरच पहिला प्रवेश कुठे होतो ते बघतात. तुमचे दिवस मोजू. एप्रिलचे ११, मेचे ३१, जूनचे ३० आणि जुलैचे ५, असे ७७. उतरण्याचा आणि निघण्याचा दोन्ही दिवस धरायचे असतात. त्यातले स्वित्झर्लंडचे चार आणि पॅरिसचे तीन. लंडनला गेलात तर तिथले मधले दिवस शेंगेनबाहेरचे. उरलेले पासष्ट-सत्तर दिवस सगळे स्टुटगार्टचे. तेव्हा अर्ज जर्मनीकडेच.

फ्रान्सकडून अर्ज करायचा तर एजंटला काय दाखवावं लागेल? पॅरिसमध्ये तुमचे सर्वांत जास्त दिवस आहेत असं. म्हणजे चाळीस दिवसांची हॉटेलं, जी तो व्हिसा लागल्यावर रद्द करणार. आणि मुलगा? एक तर त्याचा उल्लेखच गाळायचा, नाही तर त्याला चार दिवसांचा पाहुणचार करायला लावायचा. समजा एवढं करून व्हिसा आला आणि तुम्ही फ्रँकफर्टला उतरलात. सीमेवरचा पोलीस विचारतो, कुठे चाललात? वहिनी खरं तेच सांगणार: मुलाकडे, अडीच महिने. व्हिसा फ्रान्सचा, मुक्काम जर्मनीचा. तिथून परत पाठवायचा अधिकार त्याला आहे. अर्जातल्या नोंदी सगळ्या शेंगेन देशांच्या सामाईक यंत्रणेत पाच वर्षं राहतात. म्हणजे पुढच्या वेळी नातवाच्या वाढदिवसाला जायचं म्हटलं की आजची थाप समोर उभी. या सगळ्या प्रकरणात तपासणारा एकच गोष्ट बघत असतो: तुमच्या कागदांतून एकच हकीकत निघते की दोन. पैशांचा नंबर त्यानंतर.

जर्मनीची तारीख मिळत नाही, हे मात्र काही महिन्यांत खरं असतं. मार्चनंतर उन्हाळ्याच्या सुट्टीची झुंबड उडते. पण शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. तुमच्यासाठी सहा महिने म्हणजे २० ऑक्टोबरपासून खिडकी उघडली. पासपोर्ट डिसेंबरात हातात आला आणि जानेवारीत अर्ज पडला, तर तारखेसाठी कुणाच्या हातापाया पडायची वेळ येणार नाही. निकालाला साधारण पंधरा दिवस धरतात, जास्त तपास लागला तर ४५ पर्यंत जातात. तारीख व्हीएफएसच्या (दूतावासासाठी अर्ज स्वीकारणारी कंपनी) संकेतस्थळावर स्वतःच घ्यायची, तिला पैसे पडत नाहीत. कुणी तारखेचे पैसे मागत असेल तर तो फुकटची वस्तू विकतोय.

आता धाकट्याचं काम. त्याला आजच फोन करा, कारण त्याच्या वाटणीच्या कागदाला सर्वांत जास्त वेळ लागतो. जर्मनीत पाहुण्यांच्या खर्चाची हमी घेणारं एक अधिकृत पत्र असतं, त्याचं नाव ‘फरफ्लिश्टुंग्जएर्क्लेरुंग’. उच्चार जमला नाही तरी चालेल, त्याला एवढ्यावरून कळेल. हे पत्र तो घरी बसून लिहू शकत नाही. त्याच्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात तारीख घेऊन जावं लागतं, तिथल्या अधिकाऱ्यासमोर सही करावी लागते, शुल्क २९ युरो. बरोबर पासपोर्ट, राहण्याचा परवाना, अलीकडच्या पगारपत्रकांच्या प्रती आणि घराचा भाडेकरार. पत्रात तुम्हा दोघांची नावं, जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक येतात. म्हणून वहिनींचा नवा पासपोर्ट आल्यावरच हे करायचं. जुना क्रमांक पडला तर पुन्हा तारीख, पुन्हा २९ युरो. तारीख मिळायला मोठ्या शहरांत आठवडे जातात, तेव्हा ती आत्ताच घेऊन ठेवू द्या.

त्या पत्रात एक ओळ त्याने सही करण्याआधी वाचावी. हमी घेणाऱ्याची ऐपत ‘सिद्ध झाली’ की नुसती ‘विश्वासार्ह वाटली’, असं अधिकारी तिथे नोंदवतो. ‘नाखगेविझन’ हा शब्द असेल तर सिद्ध झाली. सुनेचा पगार बाळंतपणाच्या रजेमुळे कमी होणार असेल आणि मुलाचा नवीन नोकरीतला असेल, तर इथे अडतं, म्हणून पगारपत्रकं व्यवस्थित न्यावीत. पत्र झालं की मूळ प्रत कुरियरने मागवा. स्कॅनची प्रिंट चालत नाही. ते अर्जासाठी सहा महिने ग्राह्य धरतात, म्हणून उगाच फार आधीही नको.

हमीपत्राखेरीज त्याच्याकडून साधं निमंत्रणपत्र, त्याच्या पासपोर्टची आणि परवान्याची प्रत, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला. निमंत्रणात बाळंतपणाचा उल्लेख खुशाल असू दे. ते लपवण्यासारखं नाही, आणि अडीच महिने का राहताय याचं तेच खरं कारण आहे. फक्त ‘सांभाळायला कुणी नाही म्हणून बोलावतोय’ असा सूर नको. त्यावरून पुढचा प्रश्न सरळ निघतो: मग जुलैनंतर कोण सांभाळणार? सुनेची रजा कधीपर्यंत आहे, पुढची व्यवस्था काय, हे एका ओळीत लिहिलं की तो प्रश्न तिथेच मिटतो.

खात्यावर पाच लाख आणून ठेवायचा मुद्दा. तुमचं पासबुक तपासणाऱ्याच्या नजरेने बघा. दर महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन जमा, मग वीजबिल, किराणा, सोसायटीचा हप्ता, मधेच कारखान्याकडून उसाचा हप्ता. शिल्लक लाख-दोन लाखांच्या आसपास खालीवर. आणि अर्जाच्या चार दिवस आधी एकदम ‘५,००,००० जमा’. ही ओळ तुमच्या बाजूने बोलत नाही. आधीची सगळी ओळखीची चाल ती मोडते आणि पैसा उसना आहे हे ओरडून सांगते. खात्यावर अमुक लाख हवेत असा ठराविक आकडा तुमच्या प्रकारच्या अर्जात नाही. राहण्या-खाण्याची हमी मुलाने घेतली आहे, तुमच्याकडून नियमित उत्पन्न दिसायला हवं, आणि पेन्शनइतकं नियमित उत्पन्न दुसरं कुठलं? तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट शाखेचा शिक्का आणि सही घेऊन आणा. पासबुकाच्या झेरॉक्सवर भागवू नका. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाणारच असाल, तर शिक्क्याचं त्याच वेळी विचारून ठेवा. मुदत ठेवी असतील तर त्यांच्या पावत्यांच्या प्रती जोडा, त्या मोडू नका.

तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं जोडा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्रात दाखवावं लागतं, पण नुसत्या आकड्यावरून ऊस कळणार नाही. तो कारखान्याच्या बिलांवरून दाखवा: बिलावरची रक्कम आणि स्टेटमेंटमधली जमा जुळते ती ओळ पेन्सिलीने खूण करून द्या. सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचे काढा, पण ते मराठीत असतात, इंग्रजी भाषांतर बरोबर हवं. भाषांतर नसलेला सातबारा नुसता फाईल जाड करतो. घराचा ग्रामपंचायतीचा उतारा आणि घरपट्टीची पावती घेतलीत तर तेही तसंच. थोरला मुलगा गावात आहे, शेती एकत्र आहे, हे तुमच्या अर्जातलं सर्वांत भक्कम खोड आहे. दोघं नवरा-बायको एकदम निघालात की मागे काय उरतं हे बघितलं जातं. त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे, ते कागदावर आलं पाहिजे.

हे सगळं एकत्र बांधणारं पत्र तुम्ही स्वतः लिहा. इंग्रजीत, एक पान. कोण आहोत, कुणाकडे चाललोय, कोणत्या तारखेला जाणार आणि येणार, मधे स्वित्झर्लंड-पॅरिस कधी, खर्च कोण करणार, परत का येणार. पत्रातली प्रत्येक तारीख अर्ज, तिकिटाचं आरक्षण, निमंत्रण आणि हमीपत्र या चारही ठिकाणी तंतोतंत तीच असली पाहिजे, आणि विम्यात हे सगळे दिवस बसले पाहिजेत. अर्जात ५ जुलै, विम्यात ३ जुलै, निमंत्रणात ‘जूनअखेर’, अशी भेळ फार फाईलींत होते. कुणी खोटं बोललेलं नसतं, तीन जणांनी तीन वेळा घाईत लिहिलेलं असतं.

जर्मनीचा अर्ज ‘व्हिडेक्स’ नावाच्या संकेतस्थळावर भरतात, शेवटी बारकोड असलेली प्रिंट निघते. भाचा-पुतण्याच्या मदतीने भरा, पण दोन रकाने स्वतः बघा. एक, ‘जन्माच्या वेळचं आडनाव’: इथे वहिनींचं माहेरचं आडनाव जातं, तुमचं नव्हे. दुसरा, नावाचा रकाना: पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये नाव आणि नवऱ्याचं नाव दोन्ही असेल, तर अर्जातही दोन्ही, त्याच क्रमाने. मोबाईल आणि ई-मेल तुमचे किंवा घरच्यांचे. एजंट आपला नंबर टाकतो, मग दूतावासातून काही विचारायला फोन आला तर उत्तर तो देतो, आणि तुम्हाला पत्ताच नसतो.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, उपचार आणि वेळ आली तर मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारा. आपल्याकडच्या पॉलिसी डॉलरमध्ये असतात. ३०,००० डॉलरची स्वस्त पॉलिसी युरोत कमी भरते, म्हणून ५०,००० डॉलरची घ्या. विम्याच्या तारखा जाण्यायेण्याच्या दिवसांना तोकड्या नकोत, पुढे पंधरा दिवस जास्तीचे ठेवा. साठीनंतर हप्ता वाढतो, आणि रक्तदाब-मधुमेह आधीपासून असेल तर तो न लपवता नोंदवा. विमा व्हिसासाठी घेताय तसाच तिकडच्या दवाखान्यासाठीही घेताय. विमानाचं पक्कं तिकीट मात्र अर्जाच्या वेळी काढू नका. आरक्षण पुरतं, पैसे व्हिसा हातात आल्यावर भरा. आरक्षण खरं हवं, ज्याचा क्रमांक दोन दिवसांत विमान कंपनीकडे सापडेनासा होतो ते नको.

तिकीट काढताना एक खड्डा आहे. लंडनवरून जाणारं स्वस्त तिकीट दिसलं तरी घेऊ नका. भारतीय पासपोर्टवर नुसतं तिथल्या विमानतळात विमान बदलायलाही सहसा ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि थोड्या दिवसांचा शेंगेन व्हिसा त्यातून सूट देत नाही. मुंबईहून थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिक सोयीचं, वहिनींच्या गुडघ्यांनाही.

यावरून लंडनवर येऊ. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा, शुल्क वेगळं, आणि बोटांचे ठसे पुन्हा. त्यात खरी मेख पुढे आहे. साधा शेंगेन व्हिसा एका प्रवेशाचा मिळू शकतो. तुम्ही स्टुटगार्टहून लंडनला गेलात की तो एक प्रवेश संपला, आणि परतताना दिवस शिल्लक असूनही विमानात चढता येणार नाही. सामान मुलाच्या घरी, तुम्ही भाचीच्या. जायचंच असेल तर ब्रिटनचा व्हिसा आधी काढा, त्याची प्रत जर्मनीच्या अर्जाला जोडा आणि अर्जात ‘दोन प्रवेश’ मागा, कारण पत्रात लिहा. पण विचारलंच आहेत म्हणून सांगतो: पासपोर्ट नवीन व्हायचा आहे, वेळ मोजका आहे, घरात तान्हं बाळ असणार. या खेपेला लंडन सोडा. पाच दिवसांसाठी दुसरी फाईल उभी करण्यात राम नाही.

अर्ज द्यायला तुम्हाला व्हीएफएसचं पुण्याचं केंद्र जवळ. निर्णय मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासात होतो. खिडकीवरची माणसं कागद यादीशी ताडून पुढे पाठवतात, व्हिसा द्यायचा की नाही हे त्यांच्या हातात नसतं. त्यामुळे ‘सातबारा कशाला जोडता, काढून टाका’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे ‘राहू द्या’ म्हणा. शुल्क माणशी ९० युरो, रुपयांत, शिवाय केंद्राची सेवा फी. व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. खास दालन, एसएमएस वगैरे सेवा ऐच्छिक आहेत. दोघांनाही समक्ष जावं लागेल, दहाही बोटांचे ठसे घेतात. आयुष्यभर शेतात आणि भांड्यांत झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर लवकर उमटत नाहीत. आठवडाभर आधीपासून रात्री खोबरेल तेल चोळा, त्या दिवशी बोटं कोरडी-स्वच्छ ठेवा, मेंदी आणि कापलेलं बोट नको. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, नुकताच काढलेला. स्टुडिओत ‘शेंगेन’ म्हणून सांगा.

पासपोर्ट परत आला की पेढे वाटण्याआधी स्टिकर वाचा. ‘पासून–पर्यंत’ या दोन तारखा म्हणजे तुमच्या राहण्याचे दिवस नव्हेत. या मुदतीत कधीही प्रवास करता येतो, पण किती दिवस राहायचं ते ‘ड्युरेशन ऑफ स्टे’ या रकान्यात असतं. समजा २० एप्रिल ते २० जुलै लिहिलंय आणि दिवस ७७, तर जाणं वीस एप्रिललाच झालं असेल तर निघणं ५ जुलैपर्यंतच. मुदतीचे उरलेले पंधरा दिवस प्रवास पुढे सरकला तर वापरायचे असतात, जास्त राहायला नव्हेत. प्रवेशांच्या रकान्यात ०१ म्हणजे एकदाच, ‘मल्ट’ म्हणजे अनेकदा. नाव, पासपोर्ट क्रमांक, तारीख यांत चूक दिसली तर त्याच दिवशी कळवा. प्रसूती लांबली म्हणून तिकडे मुदत वाढवून मिळेल असं धरून चालू नका. ती अपरिहार्य किंवा गंभीर कारणांसाठीच मिळते. म्हणून मागतानाच दिवसांचा अंदाज घ्या. कुठल्याही १८० दिवसांत ९० ही वरची मर्यादा आहे, तुम्हाला ७७ च्या जागी ८४ हवेत असं वाटत असेल तर ते आजच ठरवा आणि सगळ्या कागदांत तेच घाला.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्यांऐवजी संगणकी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. तुमचा चेहरा टिपला जातो आणि दिवस यंत्र मोजतं. पूर्वी अस्पष्ट शिक्क्याच्या आडोशाने एखादा जास्तीचा दिवस खपून जायचा, आता तो दिसतो. वेळेत परतण्यात फायदाही आहे. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ मध्ये नियम सैल झाले. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरलेले असतील तर पुढचा साधारणपणे दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळतो. ‘एटियास’ नावाची परवानगी काढून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर ती ज्यांना व्हिसा लागत नाही त्या देशांच्या लोकांसाठी आहे. तुमचा तिच्याशी संबंध नाही.

आणि नाकारला तर? एक छापील कागद येतो, त्यात कारणांपुढे खुणा असतात. ‘प्रवासाचा हेतू पटला नाही’ आणि ‘मुदतीत परत जाण्याबद्दल शंका’ या दोन खुणा सर्रास दिसतात. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून फेरविचाराच्या अर्जाची सोय बंद केली आहे. आता एक तर बर्लिनच्या न्यायालयात जायचं, नाही तर नव्याने अर्ज करायचा. तुमच्यासारख्यांनी नवा अर्जच करावा, पण तीच फाईल पुन्हा ढकलू नये. जिथे खूण आहे तिथला कागद भक्कम करून, आणि आधी नाकारला होता हे न लपवता.

जाताना हातातल्या पिशवीत, सुटकेसमध्ये नव्हे, हमीपत्राची प्रत, विमा, परतीचं तिकीट, मुलाचा पत्ता आणि फोन ठेवा. वहिनींच्या पर्समध्येही याचा एक संच असू दे. रांगेत दोघांना वेगळ्या खिडक्या मिळतात आणि इंग्रजी येणारा माणूस दुसऱ्याच खिडकीवर असतो. बाळंतिणीसाठी डिंक-खारीक न्यायला हरकत नाही, पण तूप, खवा, पनीर नको. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांनी आणायला बंदी आहे. लाडू तिथल्या लोण्याचं तूप कढवून तिथेच वळा. ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढी पाच सोडून. हापूस त्या पाचांत नाही. २० एप्रिलला निघताय, तेव्हा पहिली पेटी घरीच फोडा.